सुमंगलेची कळशी

देवीच्या मूर्तीला ओली करून चिकटवलेली पाकळी याही वेळी जागची हलली नाही. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण पडलीच नाही तर काय करायचे, हे कौल लावणाऱ्या पांडुरंग गावकरांनाही ठाऊक नव्हते. ते घाम पुसत बसले.

विचारायचे एवढेच होते की विहीर बुजवावी का. गोवा राज्य झाले त्याच पावसाळ्यात यशोदेची लेक सुमंगला त्या विहिरीत पडून गेली. तेव्हापासून तिन्हीसांजेला कप्पी आपोआप करकरते म्हणून तिकडे कोणी फिरकेना. बुजवावी, तर खाणीने बाकीच्या विहिरी आटवलेल्या, वाड्यावरच्या घरांना पाणी उरले होते ते तिथेच. भूत उतरवणारा घाडी आणून झाला, दोन कोंबडे बळी गेले. कप्पीचे करकरणे काही गेले नाही.

यशोदा खांबाला टेकून ऐकत होती. आता लेकीच्या अंगावर माती लोटतील, एवढेच तिला दिसत होते. ती पुढे आली.

"पांडुरंगबाब, तुमी बावीचा विचारतास. माझ्या चेडवाचा कोण विचारता? देवीक विचारा, तिका मी घराक व्हरू काय?"

गावकर चाचरले. "यशोदे, भूत घरात घेतत काय कोण?"

"भूत तुमका. माका चेडू."

गावकरांनी देवीपुढे तेच गाऱ्हाणे घातले. पाकळी उजवीकडे पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत यशोदेने सुमंगलेची कळशी त्या विहिरीवर भरून कमरेवर घेतली आणि मागे न पाहता निघाली. वाटभर बोलत होती, शिजलेल्या पेजेचे, अंगणातल्या अबोलीचे. खनिजाचा ट्रक आला तेव्हा ती कडेला झाली आणि मोकळा हात तिने मागे धरला, पोराला रस्त्यावरून मागे घ्यावे तसा. बघणारे दोन पावले मागे सरले.

पुढे विहिरीवर पहिली घागर कोणाची यावरून भांडणे लागली, म्हणजे सगळे सुरळीत झाले. कप्पी आता दिवसभर करकरते, कोणी दचकत नाही.

यशोदेच्या उंबऱ्यावर मात्र कोणी पाय ठेवत नाही. "कशी असस गे?" असे वाटेवरूनच विचारतात आणि उत्तराआधी पुढे होतात. जिने वाड्याला पाणी दिले तिच्या घरचे पाणी कोणाला चालत नाही, याची चीड यावी तेवढी थोडीच.

ती कोणाला बोल लावत नाही. दिवेलागणीला कळशीतून दोन पेले भरून ठेवते, एक लेकीचा, एक कोणी आलेच तर त्याचा. सकाळी लेकीचा पेला बोटभर उतरलेला असतो. दुसरा तसाच भरलेला. ती दोन्ही धुऊन पालथे घालते.