ते दुवा देतायत

मला दम म्हणून कधी धरवला नाही. समोरचा वाक्य सुरू करतो आणि मी ते संपवून मोकळी होते. बाबा म्हणायचे, "रुकिया, तुला कुठली गाडी पकडायचीय गं? आपल्या गावात तर गाडीच येत नाही."

गाव म्हणजे नांगोम्बे, मलावीच्या सरोवराकाठचं. मी डरबनला आले ती शिक्षिका व्हायला. औषधपाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण हॉस्टेलात माझ्या खोलीत आली सुमय्या पारूक. ती डॉक्टरकीच्या पाचव्या वर्षाला होती, आणि तिच्या मागोमाग तिचं मंडळ. मुसलमान पोरापोरींचं हे मंडळ दर वर्षी एका सुट्टीत परदेशातल्या गरीब खेड्यांत औषधं घेऊन जातं. बरोबर दोन मोठे डॉक्टर असतात, बाकी सगळी ही वानरसेना.

त्या वर्षी कुठे जायचं यावर विद्यापीठातल्या नमाजाच्या खोलीत नुसता गोंधळ चालला होता. कोणी मोझांबिक म्हणे, कोणी झांबिया. माझा दम संपला.

"आमच्या गावी चला," मी म्हटलं.

"तिथं काय आहे?" झहीर म्हणाला. हा आमचा सामानवाला, खोक्यांची यादी सदा याच्या हातात.

"काही नाही. म्हणूनच चला म्हणतेय."

सगळे हसले, आणि नांगोम्बे ठरलं. तारखेवरूनही मीच भांडले. बाकीच्यांना परीक्षेनंतर, जुलैत जायचं होतं. मी म्हटलं, मार्चच्या सुट्टीत, रमजानच्या आधीच. आधी म्हणजे आधी. सुमय्या म्हणाली, "बाई गं, तुझंच खरं!"

कारण बाबा होते, खोटं कशाला बोलू? बाबांना साखरेचं दुखणं होतं. तीस वर्षं आमच्या मशिदीत मगरिबची, म्हणजे सूर्य बुडतानाची, अजान त्यांची. रमजानात तर सगळं गाव त्यांच्या आवाजाकडे कान लावून बसायचं, कारण तो आला की रोजा सोडायचा. मागच्या रमजानात त्यांना इतकी तहान लागायची की दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटायची. दुसऱ्याच रोज्याला ते चक्कर येऊन पडले. मशिदीच्या शेखसाहेबांनी बाबांना नावाने हाक मारून सांगितलं, चे तुवैबू, तुम्हाला माफ आहे, रोजा धरू नका, त्याबदली रोज एका गरिबाला जेवू घाला. बाबांनी ऐकलं. पण अजान बंद केली. "दुपारी घराच्या मागे लपून पाणी प्यायचं आणि संध्याकाळी तोंड वर करून लोकांना रोजा सोडा म्हणायचं? मला नाही जमत," म्हणाले. महिनाभर ते मगरिबच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसत. आई असती तर तिने काहीतरी बोलून हसवलं असतं त्यांना. मला ते जमेना. मी आपली डरबनला परत आले.

तेव्हा मला एवढंच पाहिजे होतं: रमजानच्या आधी बाबांना औषध मिळावं आणि त्यांनी पुन्हा अजान द्यावी.

तीन महिने आम्ही राबलो. मशिदींच्या दारात उभं राहून मदत मागितली, दवाखान्यांतून उरलेली औषधं गोळा केली, एकेका गोळीची मुदत तपासली. प्रत्येकाला विमानात तेवीस किलो सामान. त्यातले पाच किलो आपले, बाकी औषधं. झहीर काटा घेऊनच बसला होता. सुमय्याच्या आईने दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी त्याने उचलून बाजूला ठेवली.

"अरे, आईने दिलंय!"

"आईला सांग, लोणच्याने ताप उतरत नाही."

ती बरणी मग आम्ही दोघींनी हॉस्टेलातच संपवली.

नांगोम्बेच्या शाळेत सहा टेबलं लागली. प्रत्येक टेबलाशी एक डॉक्टरकीचा विद्यार्थी आणि एक बोली समजावणारा. तिसऱ्या टेबलाशी सुमय्या आणि मी. माणसं आमच्या याओ बोलीत बोलायची, मी ते सुमय्याला इंग्रजीत सांगायचे. आमच्याकडे कोणी एकदम दुखण्यावर येत नाही. आधी तब्येत विचारायची, मग पावसाचं, मग दुखणं कधी सुरू झालं, तेव्हा कोणाच्या घरी लग्न होतं, त्या लग्नात मासा कसा कच्चा राहिला होता, हे सगळं. बाहेर तीनशे माणसं उन्हात. मी कात्री चालवायचे.

एक म्हातारी चांगली दहा मिनिटं बोलली. मी सुमय्याला सांगितलं, "पोट दुखतं."

सुमय्याने पेन खाली ठेवलं. "एवढं बोलल्या त्या, आणि नुसतं पोट दुखतं?"

"बाकीची त्यांच्या सुनेची गाऱ्हाणी. तुझ्याकडे सुनेवर गोळी आहे का?"

ती खो खो हसली. दोन दिवस आमचं हे असंच चाललं होतं. मला वाटायचं, काय झपाझप काम करतेय मी! सगळ्यात जास्त माणसं आमच्याच टेबलावरून जात होती. झहीरने तर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी फुगले होते, हो.

बाबा दुसऱ्या दिवशी आले. मी म्हटलं होतं, तुम्ही आधी या, माझ्या ओळखीने. नाही म्हणाले. पहाटेपासून रांगेत बसले आणि दुपारी माझ्यासमोर आले, पांढरा पायघोळ कांझू घालून, टोपी घालून, जसे काही ईदला निघालेत. सुमय्याने उठून सलाम केला. "चाचा, तुमच्या पोरीने आम्हाला नुसतं पळवलंय," म्हणाली. ते मी सांगितलं. बाबा खूश.

बोटाला सुई टोचून रक्त बघितलं तर साखर तीनशेच्या वर. सुमय्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आली आणि दोन पुड्या बाबांपुढे ठेवल्या. एक मोठी गोळी, एक छोटी. छोटी हातात धरून म्हणाली, "ही जोरकस आहे. उपाशीपोटी नाही घ्यायची. रोज सकाळच्या खाण्याबरोबर."

मी तसंच सांगितलं. बाबांनी गोळी तळहातावर घेतली, बघितली, आणि बोलायला लागले. सुमय्याकडे बघून, सावकाश, त्यांच्या पद्धतीने. तीस वर्षांपूर्वीपासून सुरुवात केली. मागे एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन उभी होती, ते रडून रडून निळं पडायला आलेलं. मी बाबांचं ऐकत होते, सगळं ऐकू येत होतं मला, आणि माझे हात पुढचा कागद काढत होते. त्यांना रोज्याचं विचारायचं होतं. मला वाटलं, यात विचारायचं काय? त्यासाठीच तर हे सगळं आणलंय मी इथवर!

"हो बाबा, धरता येईल," मीच म्हटलं. "त्याच्यासाठीच औषध आहे. उठा आता, लेकरू रडतंय."

सुमय्याने विचारलं, "काय म्हणाले चाचा?"

"काही नाही गं. दुवा देतायत तुला."

सुमय्याचे डोळे एकदम भरून आले. छातीवर हात ठेवून ती "आमीन" म्हणाली. बाबांना वाटलं ती त्यांच्या रोज्याला आमीन म्हणाली. तेही आमीन म्हणाले. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आठ दिवसांनी रमजान सुरू झाला. आम्ही डरबनला परत. पहिल्या रोज्याला फोन केला तर बाबांचा आवाज काय सांगू, पोरासारखा. तहान लागत नाही म्हणाले. गोळी घेताय ना? घेतोय म्हणाले, सकाळच्या खाण्याबरोबर, तू सांगितलंस तशी. रमजानात सकाळचं खाणं म्हणजे पहाटेचं, उजाडायच्या आधीचं. त्यानंतर सूर्य बुडेपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही. मी हे ऐकलं, आणि म्हटलं, वा! माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. तिसऱ्या रोज्याला त्यांनी अजान दिली. शेखसाहेबांच्या फोनवरून मला ऐकवली. मी नमाजाच्या खोलीत सगळ्यांमध्ये फोन वर धरला होता, आणि झहीरसकट सगळी पोरं उभी राहून ऐकत होती. सुमय्या माझा हात धरून रडत होती.

चौथ्या रोज्याला दुपारी बाबा मशिदीच्या ओट्यावर आडवे झाले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, झोपलेत. रोजेदाराला कोण उठवतं? अजानची वेळ झाली तेव्हा शेखसाहेब हाक मारायला गेले. बाबा घामाने भिजलेले, घसा घरघरत होता, डोळे उघडत नव्हते. गाडी मिळवून मोठ्या दवाखान्याकडे निघाले. वाटेतच गेले.

मला रात्री फोन आला तेव्हा सुमय्या माझ्यासमोर जेवणाचं ताट धरून बसली होती. मी सांगितलं. तिने आधी मला मिठी मारली. मग हळूच बाजूला झाली. "रुकिया, ते छोटी गोळी पहाटे घेत होते?"

"सकाळच्या खाण्याबरोबर. तूच म्हणालीस."

मी हे तिला टोचायला म्हटलं नव्हतं. पण तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "त्या गोळीने साखर पार उतरली," म्हणाली. "दिवसभर पोटात काही नाही. मी विचारलंच नाही गं, रोजे धरणार का म्हणून. रमजान आठ दिवसांवर, मी स्वतः मुसलमान, आणि विचारलं नाही मी!"

तिथे मी बोलायला हवं होतं. आयुष्यभर सगळ्यांच्या आधी बोलत आले मी, आणि तेव्हा माझी दातखीळ बसली. बाप गेला होता माझा. त्यात हा दोष पण माझाच, हे ओझं मला उचलवलं नाही. मी ते तिच्या डोक्यावर राहू दिलं.

नऊ महिने राहू दिलं. ती वाळली. दोन परीक्षा बुडवल्या. मला जेवायला घालायची, माझे कपडे धुवायची, बाबांच्या नावाने कुराण पढायची. मला नको नको व्हायचं. एकदा म्हणाली, "एकच गोष्ट आहे, जिच्यावर मी उभी आहे. त्यांनी मला दुवा दिली होती." मी तोंड फिरवून भांडी विसळत बसले.

जानेवारीत पुढच्या दौऱ्याची बैठक झाली. त्याच खोलीत, तीच खोकी भिंतीला लावलेली. सुमय्या उभी राहिली. तिने नवीन कागद वाटले, रोग्याचं नाव लिहायच्याही आधी पहिला प्रश्न: रोजे धरणार का? म्हणाली, "गेल्या वर्षी माझ्या टेबलावरचा एक माणूस गेला. कारण मी हे विचारलं नाही. मी या वर्षी येणार नाही. मला टेबलावर बसायचा हक्क नाही. पण हा कागद प्रत्येक टेबलावर ठेवा." झहीर खाली मान घालून बसला होता.

मी माझ्या हातातला कागद उलटा करून ठेवला.

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"बाबांनी. तुला विचारलं होतं रोज्याचं. मी तुला सांगितलं नाही. मीच हो म्हटलं."

सुमय्या माझ्याकडे वळली. तिने विचारलं, "मग दुवा?"

"दुवा नव्हती."

तिने भिंतीला हात लावला, खोक्यावर बसली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. मी त्यासाठी तयार होते. ती ओरडली नाही. म्हणाली, "काय विचारलं होतं त्यांनी? सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. आणि पहिल्यांदा, कात्री न लावता, बाबांचं बोलणं तिला सांगितलं.

"पोरी, मी तीस वर्षं अजान देतोय. माझा बाप द्यायचा, त्याच्यानंतर मी. गेल्या रमजानात मला रोजे झाले नाहीत, मला फार लाज वाटली. ही माझी मुलगी फार लांबून तुम्हाला घेऊन आलीय, माझ्यासाठीच आणलंय तिने, मला कळतं. तिचं मन मोडायला नको म्हणून मी गोळ्या घेईन. पण तू डॉक्टर आहेस, मला खरं सांग. ही गोळी घेऊन मला रोजा धरता येईल का? नाही म्हणालीस तर मी नाही धरणार. बसेन गप्प. मला वाईट वाटेल, पण मी तुझं ऐकेन."

सुमय्याने डोळे मिटले होते. मग ती बोलली, माझ्याशी नाही, समोर कोणी मोठं माणूस बसलंय अशा आवाजात, अगदी हळू.

"नाही, चाचा. या गोळीवर धरू नका. तुम्हाला माफ आहे. अजान द्या तुम्ही, खुशाल द्या, पाणी पिऊन द्या."

आणि मी ते याओत सांगितलं. सावकाश, शब्दन् शब्द.