लढाऊ विमान आणि माझं मनगट

संधिवात जडून नऊ वर्षं झाली. सकाळी शर्टाची बटणं लावायची म्हटलं की बोटं संपावर जातात. अशा अवस्थेत मला कॉम्प्युटरवर विमान उडवायची हुक्की आली. बायको म्हणाली, "बरणीचं झाकण मी उघडून देते, आणि हा विमान चालवणार!"

दुकानात गेलो. दुकानदाराने दोन जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायचे दांडे, पुढे ठेवल्या. एक हलकी, डाव्या-उजव्या कुठल्याही हाताला चालणारी. दुसरी काळी, जडशीळ, बटणांनी लगडलेली. "ही घट्ट आहे, लढाऊ विमानासारखी," तो म्हणाला. हलकी घे, असं मनगट कळवळून सांगत होतं. पण 'लढाऊ' ऐकलं आणि माझी छाती उगाच फुगली.

घरी आलो. दांडा एका हाताने हलेना, म्हणून दोन्ही हातांनी ओढला, मग उभा राहून ओढला. तीन वेळा समुद्रात पडलो. दुसऱ्या दिवशी मला टूथब्रशही धरता येईना. बायकोने त्यावर पेस्ट लावून दिली.

"हवा बदलल्ये," मी म्हणालो.

"हो का," ती म्हणाली, आणि तिने माझ्या ताईला फोन केला.

ताई दोन-तीन बायका हाताशी घेऊन शिवणकाम करते. गळ्यात टेप तसाच ठेवून आली. "बस. चालव," म्हणाली. विमानाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, माझ्या खांद्याकडे बघत राहिली.

"खांदा कानाला टेकलाय. फोनवर बोलतोयस का कोणाशी?"

"अगं, वैमानिक असेच..."

"तू वैमानिक नाहीस. माझा भाऊ आहेस, आणि तुझी बोटं सुजल्येत." तिने टेपने जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंतचं अंतर मोजलं. "टेबल चार बोटं जास्त उंच आहे. अशा उंचीवर माझ्याकडची एकही बाई मशीन चालवणार नाही. आणि ही वस्तू परत कर."

दुकानात तिने मला खुर्चीवर बसवलं. "डोळे मिट. हात सैल सोड. आता धर. पाच मिनिटं." आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत होती. मी डोळे मिटून, हातात खेळण्याचा दांडा धरून, ध्यानस्थ! जड दांड्याने दुसऱ्याच मिनिटाला ठणका सुरू झाला. हलका डाव्या हातात धरला, कारण तो हात कमी सुजतो. पाच मिनिटं झाली तरी मनगट गप्प होतं.

"ही तशी लहान मुलांची आहे," दुकानदार हळूच म्हणाला.

"हीच द्या," मी म्हणालो. अपमान गिळायची मला सवय आहे, गोळ्यांबरोबर.

घरी ताईने खुर्चीच्या हाताला फळी बांधून तिच्यावर जॉयस्टिक बसवली आणि कोपराखाली उशी दिली. मूठ आवळावी लागू नये म्हणून दांड्याला जाड कापड गुंडाळलं. "पंधरा मिनिटं. मग उठायचं," तिने बजावलं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा विमान उतरवलं.

"उतरलास?" बायकोने विचारलं.

"उतरलो. धावपट्टी जरा मागे राहिली. विमान शेतात आहे."

"आणि हात?"

मी बोटं उघडमीट करून पाहिली. "दुखत नाहीये."

"मग सरक."

ती खुर्चीत बसली आणि तिने पहिल्याच फेरीत विमान धावपट्टीच्या बरोबर मधोमध उतरवलं.