नवऱ्याच्या पासपोर्टावर

बाझेलच्या कंपनीने अरुंधतीला निवडलं, त्या दिवशी जर्मनीत एर्लांगेनमधल्या तिच्या घरी श्रीखंड झालं होतं. एमआरआयच्या प्रतिमा स्वच्छ करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिची दहा वर्षं गेली होती आणि स्वित्झर्लंडमधल्या त्या छोट्याशा कंपनीला नेमकं तेच हवं होतं. पगार ठरला, काम ठरलं. अडलं ते कामाच्या परवान्यावर. अरुंधतीचा पासपोर्ट भारतीय. युरोपबाहेरच्या माणसाला घ्यायचं, तर युरोपात तसं कोणी मिळत नाही हे कंपनीने पटवून द्यावं लागतं. तिथल्या कार्यालयाला ते पटलं नाही.

"पण भारताचा आता स्वित्झर्लंडशी करार झालाय ना?" तिने कंपनीच्या वकीलबाईंना व्हिडिओ कॉलवर विचारलं. "स्वित्झर्लंड, नॉर्वे, चार देश मिळून?"

"झालाय. पण तो भारतीय कंपन्यांनी काही काळासाठी कंत्राटावर पाठवलेल्या लोकांना उपयोगी. तुम्ही जर्मनीतून थेट नोकरीवर येताय. त्यात तुम्ही बसत नाही." मग बाईंनी समोरचा कागद पाहिला. "तुमचे मिस्टर जर्मन नागरिक आहेत, नाही का? त्यांना इथे नोकरी मिळाली तर परवाना मिळेलच. युरोपियन युनियनशी तसा करार आहे. आणि त्यांच्या कुटुंबातल्या म्हणून तुम्हालाही काम करता येईल."

उत्कर्ष शेजारीच बसला होता. कॉल संपल्यावर म्हणाला, "मी बघू का मग?"

"बघ," अरुंधती म्हणाली. गोदामांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर तपासणं हे त्याचं काम. बढतीसाठी त्याने कधी कोणाला विचारलं नव्हतं. याला कोण बोलावणार, असं तिला वाटलं.

त्याला बोलावलं. एक मुलाखत ऑनलाइन, एक प्रत्यक्ष, आणि महिन्याभरात बाझेलची नोकरी त्याच्या हातात. परवान्यासाठी तर कुणाला काही पटवून द्यायचंच नव्हतं. राहायला गेल्यावर तिथल्या कार्यालयात नोंद करायची, झालं.

"पापा डार्फ, मामा निष्ट?" आठ वर्षांच्या तनयाने विचारलं. बाबाला परवानगी आहे, आईला नाही? ती मराठी समजायची, पण बोलायची जर्मनच.

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं अरुंधती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. "अगं, स्वित्झर्लंड! मी सगळ्या सोसायटीला पेढे वाटले. आमच्या उत्कर्षने नाव काढलं हो!"

"हो आई," ती म्हणाली. तिची निवड झाली होती तेव्हा सासूबाईंनी तनयाच्या शाळेचं काय करणार, एवढंच विचारलं होतं.

त्यानंतर तिला त्याचं काहीच सहन होईना. तो फोनवर बाझेलमधली घरं बघायचा, शीळ घालत भांडी लावायचा, आणि ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. जर्मन पासपोर्टसाठी दोघांनी बरोबरच अर्ज करायचं ठरलं होतं. "एकाने तरी भारतीय राहावं," असं म्हणून ऐनवेळी तीच मागे हटली होती. त्यामुळे तर जास्तच जळायचं. दोष द्यायलाही कोणी नव्हतं.

मैत्रिणीकडे, सुलेखाच्या घरी त्याच्यासाठी निरोपाचं जेवण होतं. एर्लांगेनमधली पाचसहा मराठी कुटुंबं जमली होती. कोणीतरी म्हणालं, "उत्कर्ष, छुपा रुस्तम निघालास!" अरुंधती हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्याला कुठे घेतलंय? त्याच्या पासपोर्टला घेतलंय."

कोणी हसलं नाही. सुलेखाने घाईघाईने मसालेभात वाढायला घेतला. उत्कर्ष पानातलं संपवत राहिला.

घरी आल्यावर, तनया आत गेल्यावर, अरुंधतीच म्हणाली, "चुकलं माझं. पण ती जागा माझी होती. आता मी तिथे कोण म्हणून जाऊ? तुझं शेपूट धरून?"

"इथे मी कोण म्हणून आलो होतो?"

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तुला इथल्या नोकरीवर ब्लू कार्ड मिळालं होतं. माझा व्हिसा तुझ्या नोकरीवर होता," तो बूट काढता काढता म्हणाला. "पहिलं वर्षभर मी भाषेच्या क्लासला जायचो आणि तुझा डबा करायचो. तू ऑफिसातून यायचीस, मशिनबद्दल बोलायचीस, आणि मी पोळी लाटत ऐकायचो. जळायचो गं. रोज जळायचो."

"कधी बोलला नाहीस."

"तू एवढी खूश असायचीस. काय बोलणार?"

तिला ते वर्ष आठवलं. डबे आठवले, पहिल्या बर्फात काढलेले फोटो आठवले. पण त्याचा तेव्हाचा चेहरा काही केल्या आठवेना. तो आठवत नाही, याचीच तिला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने बाझेलच्या कंपनीला स्वतः फोन केला. जागा अजून रिकामी होती. "तुमचे मिस्टर येऊन नोंद झाली, तुमचं परवान्याचं कार्ड आलं, की या. ऑगस्टपर्यंत थांबतो," मॅनेजर म्हणाला. 'तुमचे मिस्टर' हे शब्द तिला टोचलेच. तरी ती हो म्हणाली.

संध्याकाळी उत्कर्षने पुण्याला कळवलं. "म्हणजे तुझ्यामुळे तिचंही झालं!" सासूबाईंचा आवाज स्पीकरवर घुमला.

"आई, तिला आधी निवडलं होतं. मी तिच्यासाठी अर्ज केला," उत्कर्ष म्हणाला. मग सासूबाईंनी तिकडे थंडी किती असते ते विचारलं.

मे महिन्यात तो निघाला. फलाटावर तनया बॅगेवर बसून पाव खात होती. गाडी आली. उत्कर्षने सामान चढवलं आणि दारात उभा राहिला.

"उत्कर्ष," अरुंधती खालून म्हणाली, "अजून जळतेय मी."

"माहितीये."

"जाईल ना रे?"

"जाईल की नाही, सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण आता मला सांगत जा."

दारं बंद झाली. तनयाने हात हलवला. अरुंधतीने आधी तिच्या तोंडाला लागलेलं लोणी पुसलं आणि मग तिनेही हात वर केला.