ओट्याचं माप

देवराव पेपर मिलमधून रिटायर झाला आणि आठवडा होतो न होतो, तोच त्याने स्वयंपाकघरात लक्ष घातलं. आता सांगा, ज्या माणसाने उभ्या जन्मात चहाची कपबशी विसळली नाही, त्याला स्वयंपाकघराचं काय पडलं होतं? पण त्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. बल्लारपुरात भोंगा वाजायचा, सगळी वस्ती सायकली काढून मिलकडे निघायची, आणि हा आपला बैठकीत खुर्चीवर. त्या खुर्चीवरून नाकासमोर स्वयंपाकघर दिसायचं. दिवसभर तेच दिसत राहिलं तर माणूस डोकं दुसरीकडे कुठे घालणार?

शिवाय मनात एक सल होता. त्याची बायको रुखमा दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेली. तिने जन्मभर सकाळी कोळशाची सिगडी फुंकली, संध्याकाळी चूल फुंकली आणि मधल्या वेळात ती खोकत राहिली. देवराव तिला लाडाने बुटकी म्हणायचा. "बुटके, फंड भेटला का तुले गॅस आनतो. उभ्यानं सैपाक करशीन असा ओटा बांधतो," हे त्याचं नेहमीचं. ती तोंडाला पदर लावून हसायची. फंड मिळाला, गॅसचा नंबर लागला, पण तोवर रुखमा राहिली नव्हती. मग बायकोसाठी करायचं राहिलं ते सुनेसाठी करायचं, आणि असं करायचं की कोणाला नाव ठेवायला जागा उरू नये, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

सून गौतमी चामोर्शीकडची, धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेली. मुलगा सुगत कोळशाच्या खाणीत कामाला. दोघंही मोजकं बोलणारी, त्यामुळे घरातलं बोलायचं काम आपसूकच देवरावकडे आलं होतं, आणि त्याने ते कधी नाकारलं नाही.

त्याने लियाकत मिस्त्रीला बोलावून आणलं. लियाकत जुन्या ओळखीतला, हाताने चांगला आणि तोंडाने फटकळ. देवरावने कोळशाचा तुकडा घेतला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर रेघा ओढायला बसला. खोली लांबट, खिडकी एकच, घराच्या बाजूच्या बोळात उघडणारी. मोरी पार मागच्या कोपऱ्यात, अंगणाच्या दाराला लागून. ओटा खिडकीखाली घेतला तर उजेड झकास, फोडणीचा ठसका थेट बाहेर. पण मोरी राहते लांब, म्हणजे भाताचा उकळता गंज हातात धरून खोली ओलांडा. मोरीला लागून घेतला तर पाणी हाताशी. पण भरदुपारी अंधार, आणि दार उघडलं की वारा सरळ शेगडीवर. मोरीकडेच नवी खिडकी पाडावी म्हटलं तर त्या भिंतीत रुखमाचं फडताळ होतं. त्यात ती मीठ, मिरची आणि तिच्या खोकल्याची बाटली ठेवायची. फडताळ फोडायला देवरावचा जीव होईना.

सोमवारी ओटा खिडकीखाली ठरला. मंगळवारी तो मोरीकडे गेला. बुधवारी दोन्हीकडे अर्धा अर्धा करावा असं निघालं. लियाकतने थापी खाली ठेवली.

"भाऊ, ओटा बांधाचा हाय का पाळना? आज इथी म्हनता, उद्या तिथी म्हनता."

"इचार नोको करू का? एकदा बांधला का जन्माचा झाला तो."

"मंग बाईले इचारा ना. रांधनार थे, अन् भांडून राह्यलो आपन."

तसं देवरावने विचारलंच होतं. रोज विचारायचा. खुर्चीवरून हाक मारायचा, "काऊन बाई, खिडकीखाली बरा ना?" आणि गौतमी दाराआडून सांगायची, "तुमाले वाटन तसं करा जी, मामाजी." मोरीकडे म्हटलं तरी तेच उत्तर. देवराव त्याचा अर्थ पसंत आहे असा घ्यायचा. बाईमाणूस असं बोलतं तेव्हा ते पसंत असतं की नसतं, हे कळायला निराळी अक्कल लागते. ती काही मिलमध्ये शिकवत नाहीत.

शेवटी तडजोड झाली. ओटा खिडकीखालीच, पण त्याच्या टोकाला भांडी विसळायला लहानशी कुंडी. धान साठवायची ढोली अंगणातल्या पडवीत गेली, आंघोळीच्या पाण्याची चूलही तिथेच. फडताळ वाचलं. मोरी मात्र लांब ती लांबच राहिली, आणि देवरावला ते मधूनमधून खुपत राहिलं.

"उंची किती ठेवू?" लियाकतने विचारलं. "रांधनारीच्या कोपरावर असते ते. बाईले बोलवा."

देवरावने आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. अशा महत्त्वाच्या कामाला तो हजर नसून कसं चालेल? गौतमी डोक्यावर पदर घेऊन आली आणि भिंतीपाशी उभी राहिली. लियाकतने काठी लावली, कोपरापाशी हात धरला, त्याखाली वीतभर सोडून खूण केली. पाठोपाठ विटा लागल्या, वर काळा कडप्पा बसला, गॅसची शेगडी आली. देवरावने विहारातली माणसं चहाला बोलावली. प्रत्येकाला त्याने ओट्यावरून हात फिरवायला लावला.

विहारात देवरावला मान होता. छप्पनसाली त्याने चांद्याला धम्मदीक्षा घेतली, तेव्हा तो ऐन तिशीतला होता. दर वैशाख पौर्णिमेला तो बोलायला उभा राहायचा आणि दरवेळी तेच सांगायचा: माझा बाप मालगुजाराच्या दारावरून जायचा तर चपला हातात आणि पाठ दुहेरी. त्या दिवसापासून मी कोणासमोर वाकलो नाही, माझ्या घरात कोणी कोणासमोर वाकणार नाही. लोकांना ते भाषण पाठ झालं होतं, तरी ते मन लावून ऐकायचे. कारण त्यातला बाप खरा होता.

पावसाळा सरला. एके दिवशी विहारातली मीटिंग झालीच नाही म्हणून देवराव लवकर घरी आला आणि पाहतो तर शेगडी विटांवर चढवलेली! कडप्प्यावर विटा, विटांवर शेगडी, आणि शेजारी गंज पालथा घालून गौतमी त्यावर कांदा चिरत होती. त्याची चाहूल लागताच तिने लगबगीने शेगडी खाली घेतली. देवरावला ते लागलं. एवढा जीव टाकून ओटा बांधला आणि ही त्यावर विटांचा संसार मांडते. नको होता तर तोंडाने सांगायचं होतं.

मग तो पाळतीवरच राहिला. तो घरी असला की विटा गायब. तो पानाच्या ठेल्यापर्यंत जाऊन आला की कडप्प्यावर विटांची लाल माती. आणि रोज संध्याकाळी सुगतच्या खोलीतून कसल्याशा तेलाचा उग्र वास येऊ लागला.

"सूनबाईची कंबर दुखून राह्यली का गा?" त्याने मुलाला विचारलं.

"हो बाबा. लय दिवस झाले."

"कवापासून?"

सुगत चपलेचा पट्टा लावण्यात गुंतला. "तुमी रिटायर झाल्यापासून," तो म्हणाला आणि ड्युटीला निघून गेला.

देवरावने हिशोब जुळवला. रिटायर झाल्यावर काय केलं? ओटा केला. म्हणजे ओटाच वाईट. म्हणजे लियाकतने माप चुकवलं. तो तडक गेला आणि लियाकतला हात धरून घेऊन आला.

"बुटका बांधला तू ओटा. पोरीची कंबर गेली."

"तुमच्यासमोर माप घेतलं ना, भाऊ. बोलवा बाईले."

गौतमी आली, डोक्यावर पदर घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. देवराव शेजारी उभा. लियाकतने तीच काठी लावली. कोपर, कोपराखाली वीत, आणि वितीखाली कडप्पा. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही.

"घ्या. आता कोनाचं चुकलं?"

"तुह्या काठीवर मले भरोसा नाई. थांब, दुसरी आनतो."

बोळात खिडकीखाली बांधकामाचे उरलेले बांबू पडले होते. देवराव अंगणातून वळसा घालून बोळात गेला, वाकून एक बांबू उचलला, आणि सरळ होताना त्याची नजर खिडकीतून आत गेली.

त्याच्या स्वयंपाकघरात एक उंच बाई उभी होती.

क्षणभर त्याने ओळखलंच नाही. पदर खांद्यावर आलेला, मान सरळ, ती लियाकतशी काहीतरी बोलून हसत होती. ज्या उंच फळीवरचा डबा काढायला देवराव स्टूल घ्यायचा, त्या फळीवरचा डबा तिने नुसता हात लांब करून काढला. ओटा पार खाली राहिला होता. कढईत झारा घालायचा तर तिला कमरेतून मोडावं लागलं असतं.

तो आत आला. बांबू दाराला टेकवेपर्यंत गौतमी खाली आली होती. पदर डोक्यावर, खांदे पुढे, गुडघे किंचित दुमडलेले, आणि कोपर बरोबर मापावर. लियाकत एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता.

"भाऊ, राग नोका मानू," तो म्हणाला. "तुमी बाहेर गेले का ओटा बुटका होते. तुमी आत आले का बरोबर होते."

एवढं बोलून तो पाणी प्यायला अंगणात गेला. फटकळ असला तरी कुठे थांबावं हे त्याला कळत होतं.

देवराव खुर्चीवर बसला. त्याला लाज वाटली. भर सभेत कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढी वाटली नसती. ती दुमडलेली पाठ त्याने आधी पाहिली होती. मालगुजाराच्या दारासमोर, लहानपणी, बापाच्या मागून चालताना. इतकी वर्षं तो ती पाठ विहारात सगळ्यांना वर्णन करून सांगत होता.

"हे कोनं शिकवलं तुले?" त्याने विचारलं.

"सासूआईनं."

"काय म्हने थे?"

"म्हनत, पोरी, तू लंबी हायस. ह्यायच्यासमोर जरा लहान होऊन राहत जाय. माह्या मावशीनंई तेच सांगतलं होतं, तुमी पाहाले आलते तवा. तेवढ्यानं काई बिघडत नव्हतं जी. भोंगा वाजला, तुमी गेले, का आमी दोघी सरळ होत होतो." तिने कडप्प्यावरची लाल माती पुसली. "आता भोंगा वाजते, पन तुमी घरीच असता."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. भात लागला म्हणून सांगावं तसं सांगितलं, म्हणून तर ते देवरावच्या जास्त जिव्हारी लागलं.

"सरळ उभी राय," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःलाच सावरलं. "हुकूम नाई करून राह्यलो, बाई. माप घ्याचं हाय."

ती हलेना. मग हळूहळू, उन्हात वाळत टाकलेलं ओलं लुगडं सुटं व्हावं तशी, ती सरळ झाली. देवरावने लियाकतला आत हाक मारली.

"किती वर घेऊ, भाऊ?"

"तिलेच इचार."

गौतमीने ओट्याकडे पाहिलं. देवरावला वाटलं, आता म्हणेल, तुमाले वाटन तसं. पण ती म्हणाली, "दोन विटा. अन् थे खिडकीवरची फळी काढा, कपाळाले लागते." मग जे इतके दिवस अडलं होतं तेही निघालं. "अन् मामाजी, ओटा मोरीकडं पाह्यजे होता जी. उकळता गंज घेऊन लय चालाव लागते."

लियाकतने कपाळावर हात मारून घेतला. देवराव मात्र खो खो हसला. तेवढं हसून झाल्यावर त्याला वाटलं, निदान ओट्यापुरतं निभावलं. लियाकत मोरीकडची भिंत ठोकून पाहू लागला. फडताळापाशी त्याचा हात थांबला, तसा देवरावही थांबला.

"गौतमी," त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली. "रुखमा केवढी होती गं?"

"म्हंजे?"

"उंचीनं. सरळ उभी राह्यली का."

तीस वर्षांचा संसार, आणि हे तो सुनेला विचारत होता. डोळे मिटले तरी त्याला सिगडीपुढे बसलेली रुखमा दिसत होती, ताट ठेवून मागे सरकणारी, त्याच्या चार पावलं मागून खाली पाहत चालणारी. उभी रुखमा काही केल्या दिसत नव्हती.

गौतमीने तळहात आडवा करून स्वतःच्या कानाशी धरला. "इथपर्यंत येत होत्या जी."

देवराव उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. अंग ताठ केलं, मान ताठ केली, जेवढी होईल तेवढी. त्याचं डोकं तिच्या खांद्याला लागत होतं. तिचा हात अजून तिथेच होता, त्याच्या टाळूपासून चांगला वीतभर वर. तो मान वर करून त्या हाताकडे पाहत राहिला.

"मी तं तिले जन्मभर बुटकी म्हनलो," तो म्हणाला.

"हो जी," गौतमी हळूच म्हणाली. "तुमी गेल्यावर लय हासत होत्या."

तेवढ्यात मिलचा भोंगा वाजला. देवराव आपसूक वळला, खुंटीवरची टोपी घेतली आणि चपला शोधू लागला. निदान शिफ्ट सुटेपर्यंत बाहेर कुठेतरी जाऊन बसावं, असं त्याच्या मनात होतं.

"बसा जी, मामाजी," गौतमी म्हणाली. "चाय ठेवतो."

त्याने मागे वळून पाहिलं. ती फळीवरून साखरेचा डबा काढत होती, आणि सरळ उभी होती.

देवरावने टोपी परत खुंटीला लावली.