फ्लॉवरचे पंख

"तळायचं नाही म्हणजे नाही, आई!" लेकीनं माझ्या हातातली कढई काढून घेतली. "फ्लॉवरचे तुरे ओव्हनमध्ये भाजायचे आहेत. आणि आज कोंबडीचं नावसुद्धा काढू नकोस."

नाव काढू नकोस म्हणे! जिच्यावर ही लहानाची मोठी झाली, तिचं नाव काढू नकोस. माझं डोकं तापलं ते तापलंच.

दुपारी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील जेवायला येणार होते. माणसं व्हीगन. मांस-मासे सोडाच, दूध-अंडंही नाही. लेकही गेली चार वर्षं तशीच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. पण सकाळी ती फोनवर त्या मुलाला सांगत होती ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "आई फूड कंपनीत होती. ऑफिसात."

ऑफिसात! सव्वीस वर्षं मी कोंबड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून पंख कापले. हॉल बर्फासारखा गार, पायात गमबूट, हातात जाळीचा मोजा. माझी दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

आणि पाहुण्यांसाठी पदार्थ कोणता, तर बफेलो विंग्ज, म्हणजे तिखट सॉसात घोळवलेले कोंबडीचे पंख. तेही फ्लॉवरचे. "म्हशीला पंख कधी फुटले गं?" मी विचारलं. बाईसाहेबांना हसू काही फुटलं नाही.

"तुकडे एकसारखे कर हं," ती म्हणाली. "नाहीतर काही करपतील, काही कच्चे राहतील."

कापायचं कसं, हे मला शिकवत होती! मी सुरी घेतली आणि सपासप तुरे सोडवले. प्रत्येकाला बोटभर देठ ठेवला, हाडासारखा धरून खाता यावा म्हणून. तिनं मैदा, कॉर्नफ्लोअर, मीठ आणि लसणाची पावडर सोयाच्या दुधात कालवली. तुरे त्यात बुडवून, निथळून ट्रेवर सुटे सुटे मांडले. वीस मिनिटं भाजले, उलटले, पुन्हा भाजले. मग लाल तिखट सॉस, व्हिनेगर आणि चमचाभर तेल गरम करून त्यात घोळवले आणि परत दहा मिनिटं आत ढकलले. कडा छान कुरकुरीत झाल्या. मी एक चाखला. चांगला झाला होता. मला त्याचाही राग आला.

त्या मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून त्याचे आईवडील दोघंच आले. मुलाच्या आईनं देठाला धरून एक तुकडा खाल्ला, लगेच दुसरा उचलला.

"देठ ठेवायची युक्ती कुणाची?"

"आईची," लेक म्हणाली.

"हात सराईत आहे हो तुमचा. काय काम करायचात तुम्ही?"

सकाळपासून मी या प्रश्नाची वाट बघत होते. सांगणारच होते. तेवढ्यात लेकीकडे लक्ष गेलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"ऑफिसात होते," मी म्हणाले.

"दिवसभर बसून पाठ धरत असेल नाही?"

"धरायची."

दुसरा ट्रे आणायला मी स्वयंपाकघरात गेले, तर लेक मागोमाग आली आणि गळ्यात पडली. "थँक्यू, आई."

माझी कानशिलं तापली. सुजलेल्या हातांनी हिच्या वेण्या घातल्या, अंगात ताप असताना कामाच्या पाळीला गेले, तेव्हा कधी थँक्यू म्हणाली नाही. म्हणूही नये, आईला कोण म्हणतं? पण आज म्हणाली ते कशाबद्दल, तर मी स्वतःला पुसून टाकलं म्हणून.

"बाजूला हो."

"आई, काय करतेस? लग्न मोडेल माझं!"

"खरं सांगून मोडत असेल तर मोडू दे."

मी बाहेर जाऊन ट्रे टेबलावर आदळला. "मघाशी खोटं बोलले. मी कारखान्यात होते. कोंबडीचे पंख कापायचे. सव्वीस वर्षं."

मुलाच्या वडिलांनी हातातला तुकडा बशीत ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. मुलाची आई मात्र माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं, आता उठतील.

"अख्खा दिवस?" तिनं विचारलं.

"अख्खा दिवस. उभ्यानं."

"मला ते पटत नाही. तोंडावर सांगते," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण कापतात कसं?"

मी बाही वर सारली आणि माझ्याच हातावर दाखवायला लागले. हा खांदा, हे कोपर, हे मनगट. सुरी सांध्यातच शिरली पाहिजे. हाडाला घासली की धार जाते आणि मागचा माल तुंबतो. सांधा बघत बसायला वेळ नसतो, तो अंगठ्यानं चाचपायचा.

लेक दारात येऊन उभी राहिली होती. इतक्या वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. ती माझ्या हाताकडे बघत होती.