जाळ्यातले पांढरे केस

"पोरीचे केस कापलेस की जाळून टाक. कुणाच्या हाती लागू देऊ नकोस," सासूबाईंनी बजावलं होतं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली, हसण्यावारी नेलं. माझी लेक कबुला जन्मापासून गोरीफटक, केस वाळल्या गवताच्या रंगाचे. अंगात रंग तयार होत नाही, एवढंच.

त्या सकाळी सरोवरातल्या आमच्या उकेरेवे बेटाच्या किनाऱ्यावर सगळा गाव लोटला होता. लुशिंगे मांत्रिकाने कबुलासारख्या माणसाचे म्हणून जाळ्यात पांढरे केस विणले होते आणि मासळीने जाळं फाटायला आलं होतं.

"ही सरोवराची किल्ली आहे!" लुशिंगे गरजला. "माझ्या पणजोबाला पाणघोड्याने दिलेली!"

"मग पाणघोडा अजून गवत का खातो?" मी विचारलं. बायका फिसकन हसल्या.

वाट्याला आलेला मासा मी तिथंच चिरला. पोटात मक्याचा कोंडा गच्च. दुसऱ्यातही तेच. "हा लुशिंगे आधीपासून त्या जागी कोंडा टाकत होता!" मी ओरडले. मग जाळ्यातला एक केस ओढून काडी लावली. खरा केस जळताना आक्रसतो, उग्र वास सुटतो. हा कागदासारखा भुरकन पेटला. घायपाताचा धागा!

लोकांनी लुशिंगेला होडीपर्यंत पिटाळलं. मी खूश. तेवढ्यात नावेचा मालक मसालू म्हणाला, "शाब्बास, कबुलाच्या आई! खोट्या केसांना एवढी मासळी. मग खऱ्यांना किती लागेल हो?"

सगळे माझा हात धरून उभ्या असलेल्या कबुलाकडे बघू लागले.

"अरे, कोंड्याने आले मासे, कोंड्याने!" मी ओरडत राहिले. कोंड्याचं कुणी ऐकलंच नाही.

चौथ्या दिवशी कबुला शाळेतून आली, मानेवरची बट कापलेली. "मसालूकाकांनी खाऊची गोळी दिली. म्हणाले, एकच घेतो."

मी तशीच किनाऱ्यावर गेले. मसालूचं जाळं रिकामं आलं होतं. वाटलं, आता तरी पटलं असेल.

तो जाळ्यावरची नजर न उचलता म्हणाला, "केसांत नसतं ते. लोक म्हणतात, हाडांत असतं."

आता कबुला पलीकडच्या काठावर, उंच भिंतींच्या शाळेत राहते. माग लागू नये म्हणून मी भेटायलाही जात नाही. मासे कोंड्याला येतात. केसाला नाही, हाडाला नाही. हे मी अजून सांगते. ऐकणारे मान डोलावतात आणि तिचा पत्ता विचारतात.

तुमच्या वस्तीत कबुलासारखं एखादं मूल असेल. आजच त्याच्या दारी जा. ते घरात आहे ना, एवढं डोळ्यांनी बघून या.