भावाच्या ओंजळीतला कसुंबा

नोसरने बाभळीची साल आदल्या दिवशीच भिजत घातली होती. कुणी विचारलंच तर म्हशीच्या सुजलेल्या पायासाठी म्हणून सांगायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. पण विचारणार कोण? लेक रतनी सासरी, आणि घरात उरला तो नवरा कजोड. तो दोन दिवस पडवीत बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होता.

उद्या त्यांच्या अंगणात पंच बसणार होते. रूपाखेडीत भावाभावांचं वैर मिटवायचं तर दोघांनी एकमेकांच्या ओंजळीतून अफूचं पाणी, म्हणजे कसुंबा, प्यायचा. लग्नकार्यात नुसतं बोट बुडवून कपाळाला लावलं तरी चालतं. वैरात नाही चालत. समोरच्याची ओंजळ नाकारली की तुझ्या हातात विष आहे असं म्हटल्यासारखं होतं, आणि मग पोरांच्या पोरांनाही ते वैर निस्तरत बसावं लागतं.

कजोडने चार वर्षांत अफू जिभेला लावली नव्हती. त्याआधी अकरा वर्षं मात्र त्याने दुसरं काही केलं नव्हतं. शेत अफूचं, पट्टा म्हणजे परवाना सरकारी, चीक सगळा सरकारात जमा करायचा. पण पहाटे बोंडांवरून चीक खरवडताना अंगठ्याला लागलेला कोण बघतो? कजोडचा अंगठा हळूहळू फार मोठा झाला. सहा वर्षांपूर्वी वजनाच्या दिवशी चीक कमी भरला, पट्टा जायची वेळ आली, तेव्हा याने चारभुजेच्या देवळासमोर सगळ्या गावात थोरल्या भावाचं नाव घेतलं. शेजारचं शेत छोगाजींचं, रात्री राखणीला छोगाजी, चोर दुसरा कोण? ज्या माणसाने बाप गेल्यावर याला खांद्यावर बसवून वाढवलं, त्याच्याकडे पुढची सहा वर्षं गाव चोर म्हणून बघत होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी नोसरनेच कजोडला कडब्याच्या खोलीत कोंडलं. एकवीस दिवस. तो भिंतीवर डोकं आपटायचा, आई-बहिणीवरून शिव्या द्यायचा, एकदा भाकरी सरकवताना त्याने तिच्या मनगटाचा लचका तोडला. ती दाराबाहेर बसून राहिली. बाविसाव्या दिवशी तो बाहेर आला तो काडीसारखा होऊन, पण शुद्धीवर. आणि शुद्धीवर आलेल्या माणसाला सगळं आठवतं. तो चीक पहाटेच्या अंधारात आपणच खाल्ला, हेही त्याला आठवलं. तोंडातून ते बाहेर पडायला मात्र चार वर्षं लागली. या होळीला तो भावाच्या दारात जाऊन रडला. छोगाजी एवढंच म्हणाले, "चार माणसांत नाव घेतलं होतंस, चार माणसांतच पी."

"सांगा ना त्यांना, मी सोडलीय म्हणून," नोसर म्हणाली होती.

"काय सांगू? चोर म्हणालो, आता तुझा हातही नको म्हणू?"

"दोन घोटांनी पुन्हा लागेल तुम्हाला. मी ओळखते."

"लागली तर लागली. त्यांनी माझ्यापायी सहा वर्षं खाली मान घालून काढली, रतनीच्या आई."

म्हणून तिने साल भिजत घातली. ती त्याला काही बोलली नाही, कारण कजोडला खोटं पचत नसे. नशेत असताना तो सराईत खोटारडा होता, आता मात्र त्याच्या चेहऱ्यावर सगळं वाचता यायचं. पंचांपुढे याच्या चेहऱ्यावरूनच बिंग फुटलं असतं. आधी पिऊ दे, मग सांगू, असा तिचा हिशेब. बाईचा हिशेब सरळ होता हो, चुकला तो एवढ्याच ठिकाणी.

सकाळी माणसं जमली. पन्ना न्हाव्याने लाकडी खलात अफू घोटली, लोकरीच्या गाळणीतून दोनदा गाळली. मोठ्या भांड्यातली पंचांसाठी. दोघा भावांची पितळी वाटी वेगळी, ती रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत कालिकेच्या कोनाड्यापुढे नेऊन ठेवली. पंच हाक मारतील तेव्हा घरच्या बाईने ती बाहेर आणून द्यायची.

नोसरने वाटीतला कसुंबा चुलीतल्या राखेवर ओतला. वाटी धुतली नाही, म्हणजे वास तसाच राहील. त्यात सालीचं कडू पाणी आणि काळा गूळ घातला. रंग तोच उतरला. "आई, बघितलंस तर बघितलंस," ती देवीला म्हणाली, "पण बोलू नकोस."

पंचांची हाक आली, तिने वाटी बाहेर दिली, आणि पन्नाने ती कजोडच्या ओंजळीत ओतली. आधी थोरल्याने प्यायचं. पांढऱ्या मिशांचे छोगाजी, रोज सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याएवढी गोळी घेणारे, चाळीस वर्षांचे खाणारे. ते खाली वाकले, एक घोट घेतला आणि थांबले.

नोसर दाराआडून घुंघटातून बघत होती. माणसांच्या नजरा छोगाजींवर. त्यांनी दुसरा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि पन्नाला म्हणाले, "काय रे पन्ना, मारायचा विचार आहे का म्हाताऱ्याला? केवढा कडक केलाय."

अंगण हसलं. पन्ना फुशारला. छोगाजींनी आपली ओंजळ पुढे केली. कजोडने डोळे मिटून एका दमात पाणी घशाखाली ढकललं, आणि भावाच्या हातावरच कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. पंचांपैकी दोघांनी फेट्याच्या टोकाने डोळे टिपले. वैर मिटलं. आत चुलीपाशी नोसरही रडली, पण तिला आतून हसू फुटत होतं. नवरा राहिला आणि भाऊही मिळाला, दोन्ही तिने केलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

मग पंगती. डाळ-बाटी, तूप, लापशी. बायका हाताखाली होत्या पण वाढणं घरधनिणीचंच. कजोडला बाजूला बोलवायचं तर सगळ्यांदेखत कसं? ही पंगत उठू दे, ती उठू दे, असं करता करता ऊन कललं. खरं सांगायचं तर तिला घाईही वाटत नव्हती. ते गुपित थोडा वेळ एकटीने चघळावं, असं तिला वाटत होतं.

ती म्हशीला पाणी दाखवायला मागे गेली तेव्हा छोगाजी काठी टेकत आले. धाकट्या भावाच्या बायकोशी जेठ, म्हणजे थोरला दीर, थेट बोलत नाही. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हशीबाई," ते म्हणाले, "तुमच्या मालकिणीला सांगा, गूळ जरा जास्त झाला."

नोसरने घुंघट आणखी खाली ओढला.

"घाबरू नका म्हणावं. मी कुणाला बोलणार नाही. माझ्या भावाला तिने जिवंत ठेवलं, ते माझ्याने झालं नसतं. मला त्याच्या तोंडून माफी हवी होती, ती मिळाली." मग आवाज उतरला. "पण त्याला सांगितलंय का? नसेल तर आत्ताच्या आत्ता सांगा म्हणावं. आपण घेतलीय असं ज्याला वाटतं ना, त्याला घेतलेल्यापेक्षा जास्त धोका असतो. मी दोनदा सोडलीय, मला ठाऊक आहे."

नोसरने बादली तिथेच टाकली आणि ती अंगणाकडे धावली.

कजोड पंगतीत नव्हता. पडवीत नव्हता. "मघाशी शेताकडे जाताना दिसला," पन्ना म्हणाला.

ती बांधावरून धावली. काल दुपारी बोंडांना चिरा पाडल्या होत्या, आणि आज पाहुण्यांच्या गडबडीत विहिरीकडच्या ओळी खरवडायच्या राहून गेल्या होत्या. चीक उन्हाने तांबूस होऊन बोंडांवर तसाच वाळत होता. तिला ते सकाळी दिसलं होतं आणि उद्या बघू म्हणून तिने सोडून दिलं होतं.

कजोड त्याच ओळींत उकिडवा बसला होता. त्याच्या आजूबाजूची पाच-सहा बोंडं स्वच्छ झाली होती. तो अंगठा चोखत होता, अगदी शांतपणे.

"अहो," ती म्हणाली.

"ये." त्याने नाक खाजवलं. अफू चढली की येणारी ती खाज तिने अकरा वर्षं बघितली होती. "रागावू नकोस. मी फार वेळ बसलो होतो गं, स्वतःला धरून ठेवलं होतं. पण मग म्हटलं, गेलीच आहे पोटात. दादाभाईंच्या हातून गेली, देवासमोर गेली. दोन घोट काय नि चार काय."

"गूळ होता तो."

"काय?"

"गूळ आणि बाभळीची साल. मी बदललं. तुमच्या पोटात काही गेलं नव्हतं. चार वर्षं तशीच होती तुमची, दुपारपर्यंत." ती मटकन ढेकळांत बसली आणि मोठ्याने रडू लागली. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावं असं तिला झालं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि तेवढं एक तिने वाढपात घालवलं.

कजोडने अंगठा तोंडातून काढला. तो ओरडेल असं तिला वाटलं. त्याने ओरडावं, हात उगारावा, असंही वाटलं, कारण शुद्धीवरचा कजोड चिडला असता. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं, आणि तो बोलला तो तिच्या ओळखीच्या त्या जुन्या, गोड, समजूत घालणाऱ्या आवाजात.

"म्हणजे दादाभाईंच्या हातून प्यायचं राहिलंच की," तो म्हणाला. "असं अर्धवट ठेवून कसं चालेल? उद्या पुन्हा बसावं लागेल."

आणि बोलता बोलता त्याने पुढचं बोंड जवळ ओढलं.